बावीस माणसं कमी

...नाही, पण मी म्हणतो, दोन हजार एकशे एकसष्टच का? दोन हजार ठेवा, सव्वादोन हजार ठेवा, माणसाच्या जिभेवर बसेल असा आकडा ठेवा की! पण नाही. एका चौरस किलोमीटरात दोन हजार एकशे एकसष्टच्या वर माणसं असली तर गाव दाट, नाहीतर विरळ, आणि तुम्हाला सांगतो, आमचं गाव विरळ निघालं! अहो, विरळ! ज्या गावात एकाच्या घरी सुंगटं, म्हणजे कोळंबी, तळायला टाकली की सात घरांना भूक लागते, ते गाव विरळ! हरमलच्या अलीकडे आहे आमचं गाव. नाव सांगत नाही, उगाच आणखी कुणीतरी मोजायला यायचं. क्षेत्रफळ नेमकं एक चौरस किलोमीटर, त्यामुळे गणितात पळवाट नाही. माणसं भरली दोन हजार एकशे चाळीस. म्हणजे किती कमी? बावीस! बावीस माणसं कमी!

आता तुम्ही म्हणाल, पडली कमी तर पडली, तुझ्या पोटात का दुखतं? माझ्या नाही हो, माझ्या शेजाऱ्याच्या, विठूच्या. विठू वीज खात्यात लाइनमन होता, जन्मभर खांबावर चढला, आणि निवृत्त होऊन जमिनीवर आला तो थेट या नियमावर आपटला. त्याचं घर भरतीच्या रेषेपासून एकशे वीस मीटरवर. दाट गावानं दर्यापासून पन्नास मीटर सोडायचे, विरळ गावानं दोनशे. एकशे वीस म्हणजे विठू दाट गावात असता तर सुटला असता, विरळ गावात अडकला. घर त्याच्या आज्यानं बांधलेलं, ते राहू दे म्हणतात, कौलं बदल म्हणतात, जनेल, म्हणजे खिडकी, दुरुस्त कर म्हणतात, पण नवी भिंत एक हात घालायची नाही!

आणि विठूला हवं काय होतं? हॉटेल? छे! एक खोली. दहा बाय बारा. त्याच्या सुदेशचं लग्न झालं गेल्या मे महिन्यात. सुदेश तुयेला कारखान्यात, सून गौरवी शिरगावची, डिचोलीला बँकेत. पोरगी गुणाची, पण घरात निजायची खोली एक, ती दिली जोडप्याला, आणि विठू आणि त्याची बायको पद्मावती बाहेर, स्वयंपाकघराच्या वाटेवर चटई टाकून. म्हणजे पहाटे सुनेला घोटभर पाणी प्यायचं तर सासऱ्याला ओलांडून जायचं! ती बिचारी ओलांडायची नाही, उभी राहायची. हा जागा, पण उठावं तर तिला संकोच, म्हणून डोळे मिटून घोरायचा. खोटं खोटं घोरायचा हो, सासरा! किती दिवस घोरणार? आणि तशात दसऱ्याला बातमी आली की गौरवीला दिवस गेलेत. सुदेश बापाला म्हणाला, "बाबा, बाळंतपणाआधी खोली झाली तर आमी हंयच. नाय झाली तर डिचोलीक फ्लॅट बघतंय." रागानं नाही म्हणाला, म्हणून तर विठूच्या काळजात गेलं.

झालं, कागद घेऊन निघाला आपला विठू, आणि सोबत मी. माझं काय काम? काही नाही, स्कूटर माझी. कचेरीत देवेश नावाचा कारकून, पोरसवदा, बोलायला गोड. त्यानं संगणकात बघितलं, पुन्हा बघितलं आणि आम्ही आजारी असल्यासारखं हळू आवाजात म्हणाला, "काका... तुमचो गाव दाट नाय." विठू म्हणतो, "दाट नाय म्हणजे?" "बावीस माणसां कमी."

"मगे आणतंय!" विठू म्हणाला.

आणि आणली की! खरी नाही, फोटोत. चवथीला आमच्याकडे सगळी मुळाच्या घरी येतात, तसा विठूच्या घरी चवथीचा फोटो होता, गणपतीपुढे चौतीस माणसं, काही उंबऱ्यावर, दोन जनेलात, एक तर गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फळांमागून नुसतं कपाळ. विठूनं फोटो टेबलावर ठेवला. म्हणाला, मोज. देवेशनं मोजली हो खरंच, बोट ठेवून. मग विचारलं, "ही रावतत खंय?" आता आली का पंचाईत? हा दुबईला, ती फोंड्याला, ते चौघं इंग्लंडात, ही दोन पोरं पुण्याला, आणि कपाळ वास्कोला. घरी राहणारी किती? चार! देवेश म्हणाला, "काका, गणपतीक येवचो तो पावणो. मोजतत ती रावतली माणसां."

मी तिथंच विचार करायला लागलो. म्हणजे माणूस कुठला, तर जिथं त्याला शिरगणतीवाल्यानं गाठला तिथला? वर्षातून पाच दिवस ज्या घरासाठी जीव टाकत येतो तिथला नाही? बरं, नियमही वेडा नाही, हेही खरंच. किनाऱ्याला लगटून बांधत सुटू नये म्हणून आहे तो. दर्यानं विठूचे दोन माड नेलेत गेल्या चार पावसाळ्यांत, माझ्या डोळ्यांदेखत. दर्याला भ्यायलाच हवं. पण मी म्हणतो, दर्या काय माणसं मोजून आत येतो? दाट गाव दिसलं की पन्नास मीटरवर थांबतो, आणि विरळ दिसलं की दोनशेपर्यंत घुसतो? आणि डिचोलीत, जिथं स्कूटर लावायला जागा नाही, तिथं अजून चार मजले चढवा! जिथं गर्दी तिथं मुभा, जिथं एक खोली हवी तिथं बावीस माणसं कमी!

विठूनं शेवटचा हात टाकला. म्हणाला, "मगे आता मोजा! येवा आणि आता मोजा!" तर देवेश म्हणाला, आत्ताची चालत नाही. दोन हजार अकराची शिरगणती, तीच धरायची. दोन हजार अकरा म्हटल्याबरोबर विठूनं फोटो उचलला. मी स्कूटरची किल्ली काढली. पुढे वाद घालायला तोंडच नव्हतं, कारण... सांगू? सांगतोच, आता लपवून काय मिळणार.

दोन हजार अकराला आमच्या गावात घराघराच्या मागे भाडेकरू होते. कुठले? चंदगडचे, गडहिंग्लजचे, बेळगावकडचे. गवंडी, सेंट्रिंगवाले, तुयेच्या कारखान्यातले. विठूच्या मागच्या पत्र्याच्या पडवीत सात माणसं: अशोक गवंडी, त्याची बायको सोनाबाई, चार त्याच्या हाताखालचे, आणि सोनाबाईची तान्ही मुलगी ज्योती, एकवीस दिवसांची. आता भाडेकरू आहे म्हटलं की पोलिसात अर्ज भरा, पंचायतीची घरपट्टी वाढवा, पडवीला नंबर घ्या, नाना कटकटी! म्हणून गावात कुणीही विचारायला आलं की एकच उत्तर, "आमीच आसव. दुसरां कोण नाय." मग तो पोलीस असो, पंचायत असो की शिरगणतीवाला असो. हातात वही दिसली की माणसं लपवायची, ही आमच्या गावची रीत! विठूनं सातही जणांना सकाळीच किनाऱ्यावर धाडलं, टॉवेल देऊन. गोऱ्यांच्या रांगेत चंदगडचे गवंडी उन्हात बसलेत, मुंडासं बांधून! दोघांनी तर गोऱ्यांचं बघून कुशीही बदलली म्हणतात. पलीकडच्या घरातल्या पांडुरंगानं त्याच्या नऊ भाडेकरूंना काजूच्या बागेत पाठवलं. आणि मी... माझ्याकडे सहा होते. सहाच. कृपा करून बेरीज करू नका.

केलीत ना? आमच्या तीन घरांचीच बावीस. बावीस माणसं कमी नव्हतीच हो, बावीस माणसं आम्ही लपवलेली होती!

आणि ती पडवी? ती वादळात गेली. तिला नंबर घेतलाच नव्हता, म्हणून कागदावर ती कधी उभीच नव्हती, मग पडली कशी म्हणणार आणि पुन्हा बांधणार कशी? नाहीतर त्याच जागी खोली झाली असती. आपलाच पाय आणि आपलीच कुऱ्हाड, दुसऱ्या कुणाला शिव्या द्याव्यात तर जागा नाही.

तरी विठू म्हणाला, अशोककडे जाऊ. लिहून घेऊ की आम्ही तेव्हा इथं राहत होतो. अशोक आता तुयेजवळ राहतो, स्वतः कंत्राटं घेतो. दारात आम्हाला बघून धावत आला, "आवं काका, या की, बसा की!" चहा आला, उंडे पाव आले. विठूनं सगळं सांगितलं, मान खाली घालून. अशोक हसला, म्हणाला, "काका, त्या दिशी तुमीच म्हनला न्हवं, हितं कोन न्हाई म्हनून? आता आमी हुतो म्हनून कसं लिवायचं?" थट्टाच करत होता. पण सोनाबाई आतून बाहेर आली. ती हसली नाही. म्हणाली, "काका, मानसं लपिवली ते लपिवली. आमी भाड्याचीच हुतो. पर माझी ज्योती तुमच्याच घरात जन्मली. पद्मावतीकाकूनी तिची नाळ कापायला सुईन आनली. तिला तरी मोजायची हुती. एकवीस दिसांची पोर उनात घिऊन बसले मी, दुपारपत्तोर."

तुम्हाला सांगतो, विठूच्या हातातला उंडा तसाच राहिला. पंधरा वर्षांत हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्याही नाही. आम्हाला काय वाटायचं, आपण घरपट्टी लपवतोय, कागद लपवतोय... लपवली होती पोर. पलीकडे तीच ज्योती बसलेली, दहावीचं पुस्तक घेऊन, आणि विठूला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली हो, दुसरा शब्द नाही त्याला. तो उठला, म्हणाला, "सोनाबाय, चुकलो." एवढंच.

अशोकनं मग लिहून दिलं, सातही जणांचं. पांडुरंगानं लिहून दिलं, मीही दिलं, बावीसच्या बावीस माणसं कागदावर उभी केली आणि नेऊन देवेशपुढे ठेवली. देवेशनं सगळं वाचलं, मन लावून. बरा माणूस आहे तो. म्हणाला, "काका, ह्यां खरां असतलां. पण शिरगणती एकदा झाली म्हणजे झाली. मागे वचून माणूस वाढोवक येना." वर पाठवतो म्हणाला. वर म्हणजे कुठं कुणास ठाऊक. त्या वाटेनं गेलेला कागद परत आलेला आमच्या गावात कुणी बघितलेला नाही.

पौषात सुदेश आणि गौरवी डिचोलीला गेली. भांडण नाही, तंटा नाही, टेंपोत गादी, कपाट, कुकर. गौरवी पाया पडताना रडली, पद्मावती रडली, विठू टेंपोची दोरी तीनतीनदा आवळत बसला. आता बघा गंमत. माणसं कमी म्हणून खोली नाही, आणि खोली नाही म्हणून दोन माणसं आणखी कमी, आणि तिसरं येणार होतं ते धरलं तर तीन! असं प्रत्येक घरात झालं तर हे गाव दाट व्हायचं कधी? पुढच्या जन्मी? पांडुरंगाच्या मुलीचं तेच, माझ्या पुतण्याचं तेच. निजायची खोली विठूला परत मिळाली, पण ही दोघं अजून बाहेरच निजतात, स्वयंपाकघराच्या वाटेवर. खोलीचं दार ओढून घेतलेलं. पद्मावती म्हणते, पोरं कधीही येतील, बिछाना तयार असावा.

आणि परवा काय झालं! नवी शिरगणती आली ना, तर सिद्धी नावाची मास्तरीण आली मोबाइल घेऊन. मी विठूच्याच सोप्यावर बसलेला. विठूनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, विचारलं ते सगळं सांगितलं, आज्यापासूनचं. मग ती म्हणाली, "काका, घरात माणसां किती?"

विठू म्हणाला, "दोन."

तिनं मान वर केली. घर बघितलं, ओढून घेतलेलं दार बघितलं, आणि हसून म्हणाली, "काका, ह्या गावात सगळे तशेंच सांगतत. खरां सांगा, भितर कोण आसा?"

विठू उठला, दार सताड उघडलं, आणि म्हणाला, "जा बाये, बघ. कोण गावलो तर माका पण सांग."