घरपोच मत

नाही हो मॅडम, हाक मारून उपयोग नाही, आत्ताच डोळा लागलाय तिचा. रात्रभर कण्हत होती. बसा ना, उभ्या का? ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, या स्टुलावर बसा. शिपायांनाही बोलवा आत—बरं, राहू दे, दारात तर दारात. पेटी मांडीवरच ठेवणार? ठेवा बापडी, मी काय पळवतोय!

मागच्या खेपेलाही झोपलीच होती, हो, आहे लक्षात. म्हातारं माणूस, अंथरुणाला खिळलेलं—झोपणार नाही तर काय नाचणार? आणि आज शेवटची फेरी, तेही ठाऊक आहे मला. ही सही कशावर? मतदार झोपेत असल्यामुळे मत घेता आलं नाही, एवढंच लिहा की. द्या, मी करतो सही. का नाही? मुलगाच आहे मी तिचा, एकुलता एक.

कायदा चांगला आहे हो तुमचा, मी कुठे वाईट म्हणतोय? ज्याला उठता येत नाही त्याच्या घरी पेटी येणार. वा! विधानसभेत बाकं वाजली असतील. आणि त्याच अधिवेशनात, तो आणणाऱ्या आमच्या आमदार बाईंनीच, नदीवाली बाई हो, दुसराही कायदा करून घेतला—पाणी साफ करायचं यंत्र नसेल तर कापड रंगवायचा कारखाना बंद. एका हाताने म्हातारीच्या उशाशी पेटी आणून ठेवली, दुसऱ्या हाताने तिच्या पोराच्या पोटावर पाय दिला. हाताने पाय कसा देतात विचारू नका, त्या बाईला सगळं जमतं.

आमचाच तो, समोरचा. खिडकीतून दिसतो बघा, सील लावलेला. आजोबांपासूनचा. यंत्राची किंमत ऐकलीत ना, तर कारखाना विकूनही येणार नाही. नदीच्या वरच्या अंगाला ते मोठे कारखानदार आहेत ना, त्यांनी बसवलंय यंत्र, आणि तपासणीवाले येणार म्हटलं की चालू करतात. गेले की खट्, बंद! त्यांची नदी स्वच्छ आणि आमची घाण, असं आहे का? एकच नदी आहे. पण सील कोणाला? आम्हाला. आता बाईंच्या विरोधातला उमेदवार म्हणतो, निवडून द्या, लहान कारखान्यांना सूट देतो. देईल न देईल देव जाणे, पण म्हणतोय तरी! बाई तर तेवढंही म्हणत नाही.

आई? आईचं काय विचारता. सुरुवात तिनेच केली. कायद्याआधी सुनावणी ठेवली होती, तेव्हा चालती-फिरती होती, गेली तिथे न सांगता. बाबांचं सगळं सांगून आली—लघवीतून रक्त कसं जायचं, डॉक्टर काय म्हणाले. रंगातच गेला हो त्यांचा जन्म. सगळ्यांसमोर म्हणाली, माझा नवरा या पाण्याने नेला. अगं, पण त्याच पाण्यावर घर चाललं ना आपलं? मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतोय, माझ्याच आईचा फोटो!

आणि करतं कोण तिचं? मी. भरवणं मी, पुसणं मी, कूस बदलायला मी. बायको कंटाळून माहेरी गेली, तिलाही काय बोलणार. माझ्या हातचं खायचं आणि मत त्या बाईला! सांगते ना तोंडावर, काही लपवत नाही—तिलाच देणार म्हणते. मी म्हटलं, आई, माझ्यासाठी तरी. तर म्हणते, तुझ्यासाठीच देतेय.

म्हणजे काही नाही हो. तिच्या डोक्यात एक बसलंय. ती रंगाची शेड जुळवायची ना कारखान्यात—गिऱ्हाईक चिंधी आणायचं, हिने नुसती बघायची आणि कुठला रंग किती ते सांगायचं. त्या दोरीवर माझे कपडे वाळत होते, मध्ये एका लेंग्याला डाग राहिला होता. मी म्हटलं, टाकीतला रंग उडाला असेल. पडल्या पडल्या बघत राहिली. म्हणाली, हा आपल्या टाकीतला नाही, हा तुझ्या बाबांचा आहे. आता बोला! नाही, डॉक्टरकडे नाही गेलो. जाऊन काय ऐकायचंय? आणि कारखाना तर बंदच आहे, आता नवीन काय लागणार आहे मला. उघडला तर बघू.

जाऊ दे, मी कुठल्या कुठे गेलो. तुम्ही निघा, चार घरं अजून असतील. थांबून उपयोग नाही, त्या गोळीचा अंमल दुपारपर्यंत उतरत नाही—रात्रीची गोळी हो, झोपेची, रात्री घेतलेली. तसं म्हणायचं होतं मला.

कोण बोललं? नाही, शेजारचा रेडिओ असेल—अहो मॅडम, आत कुठे, अहो, चपला—

आई? जागी आहेस तू? केव्हापासून? मग ओ का दिली नाहीस, हे बघ, मॅडम आल्यात... मूठ कशाला दाखवतेस त्यांना? उघड बघू, काय आहे. अगं, ही सकाळची गोळी, घेतलीच नाहीस? तळहात गुलाबी झाला सगळा. मॅडम, रोजचीच आहे ही, रक्तदाबाची, ही आणि रात्रीची, दोन्ही गुलाबीच असतात—

काय म्हणालीस?

सकाळची जरा पिवळट मारते. हो. असेल. मला कुठे एवढं दिसतं, आई. आणि तुला चष्म्याशिवाय दिसलं?

ऐकतोय मॅडम. नाही, माझं काही म्हणणं नाही. तुम्हाला वर काय कळवायचं ते कळवा. आई, रडू नकोस ना, मी काही... तू त्यांच्याकडे बघ. सांगतील तसं कर.

बाहेर थांबू? बरं. हा घ्या तिचा चष्मा. माझ्याच खिशात होता. आणि मानेखाली हात घालून उठवा तिला, दंडाला धरून ओढू नका, दुखतं तिला.

लावतो. दार लावतो मी.