एकोणीस वर्षांपर्यंत

जलजा : फार नको, डॉक्टरम्मा. एकच दिवस. सकाळी आठपासून जेवणं उरकेपर्यंत. तेवढा वेळ माझा मुलगा तोंड मिटून बसेल असं काहीतरी द्या.

डॉक्टर : दिनकरला तीन गोळ्या चालूच आहेत, जलजक्का. चौथी दिली तर तोंड मिटेल, पण मानही टाकेल. एवढं काय आहे त्या दिवशी?

जलजा : नातीचा साखरपुडा. आमच्या वासंतीची मुलगी, अन्विता. कुंदापूरचं घर मिळालंय, मोठी माणसं. आणि आमच्यात मामाशिवाय पान हलत नाही, तुम्ही इथल्याच, तुम्हाला काय सांगायचं? विडा मामाने द्यायचा. एकुलता एक मामा, आणि तो हा असा. आणला तरी पंचाईत, नाही आणला तरी चारचौघांत विचारणार, मुलीचा मामा कुठे? इकडे आड, तिकडे विहीर.

डॉक्टर : हा असा म्हणजे कसा?

जलजा : ऐकू येत नाही होय तुम्हाला? बाहेर बाकावर बसून चाललंय ते! जीभ सारखी बाहेर येते, हात कापतो, आणि वर ही बडबड. चोवीस वर्षं झाली. न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो. जुन्या डॉक्टरांनी फायलीत लिहिलंय की सगळं. स्किझोफ्रेनिया.

डॉक्टर : फाईल वाचली मी. मघाशी बाहेर जाऊन दहा मिनिटं त्याच्याशेजारी बसलेही.

जलजा : अय्यो, काही वावगं बोलला का?

डॉक्टर : नाही हो. मी विचारलं, कोण बोलतंय? म्हणाला, कोणी नाही, मीच म्हणतोय. राजाचं बोलणं संपलं की लगेच सारथ्याचं सुरू. मध्ये दमही घेत नाही. ज्याला आवाज ऐकू येतात ना, तो बहुतेक वेळा थांबतो. समोरच्याचं ऐकतो, मग उत्तर देतो. हा कुणाचंच ऐकत नव्हता. पाठ म्हणत होता.

जलजा : यक्षगानाच्या खेळातलं आहे ते. ह्याचे अप्पा मेळ्यात राजाचे वेष करायचे. सहा महिने गावोगाव.

डॉक्टर : म्हणजे तो काय बोलतो ते तुम्हाला कळतं.

जलजा : चाळीस वर्षं घरात तेच ऐकतेय, कळणार नाही?

डॉक्टर : चाळीस?

जलजा : ओघात गेला आकडा. सत्तरी उलटली माझी, आकड्यांचं काय घेऊन बसलात!

डॉक्टर : जलजक्का, फायलीच्या पहिल्या पानावर तुमच्याच तोंडचं वाक्य आहे. एकोणीस वर्षांपर्यंत मुलगा सोन्यासारखा होता, बाप गेला आणि बिघडला. पुढची चोवीस वर्षं त्या वाक्यावर उभी आहेत. म्हणून विचारते. बोलायला केव्हा लागला हा?

जलजा : सगळी मुलं लागतात तेव्हा.

डॉक्टर : पहिला शब्द?

जलजा : आता कोणाच्या लक्षात आहे? तुम्ही गोळीचं बोला.

डॉक्टर : दिनकर! आत येता का जरा?

(दिनकर येतो. खुर्ची फरशीच्या रेघेला बरोबर लावून घेतो आणि मग बसतो.)

दिनकर : तुमचा पंखा चौथ्या फेरीला वाजतो. प्रत्येक चौथ्या.

डॉक्टर : त्रास होतो? बंद करू?

दिनकर : हो.

डॉक्टर : बाहेर काय म्हणत होता तुम्ही?

दिनकर : राजाचा प्रवेश. ब्रह्मावर गावातलं शेत, सोळा फेब्रुवारी सत्याऐंशी. अप्पा राजा होते. मी चटईवर, तिसऱ्या रांगेत. सारथ्याने एक वाक्य चुकवलं होतं, मी चुकीसकट म्हणतो.

डॉक्टर : असे किती प्रसंग पाठ आहेत?

दिनकर : एकशे बारा. बाकीचे लोकांचे आहेत.

डॉक्टर : लोकांचे म्हणजे?

दिनकर : लोक बोलतात ते. मास्तरांचे नऊ. आजीचे पस्तीस. डॉक्टरांचे एकवीस.

जलजा : पुरे, मगा, माझ्या लेकरा. बाहेर बस जा. डब्यात नीरडोसे आहेत, खाऊन घे.

दिनकर : साडेबाराला खायचे. आत्ता अकरा दहा.

डॉक्टर : डॉक्टरांचा सगळ्यात पहिला कुठला?

दिनकर : बुधवारचा. म्हणू? डॉक्टर म्हणतात, "लहानपणापासून असा आहे का?" अम्मा म्हणते, "छे छे! एकोणीस वर्षांपर्यंत सोन्यासारखा होता हो. बाप गेला आणि बिघडला." डॉक्टर, "चालायला, बोलायला वेळेवर?" अम्मा, "सगळं वेळेवर." डॉक्टर, "मित्र?" अम्मा, "घर भरलेलं असायचं." डॉक्टर लिहितात. अम्मा पदर तोंडात धरते. डॉक्टर, "आवाज ऐकू येतात का त्याला?" अम्मा, "येत असणार. दिवसभर बोलतो." संपलं.

डॉक्टर : आणि तुम्हाला काही विचारलं त्यांनी?

दिनकर : नाव विचारलं. मी सांगितलं.

डॉक्टर : हे घरी किती वेळा म्हणता?

दिनकर : रोज. अम्मा देवापाशी दिवा लावते तेव्हा.

डॉक्टर : मग अम्मा काय करते?

दिनकर : गोळी देते.

जलजा : डॉक्टरम्मा...

डॉक्टर : पाणी घ्या आधी. घाई नाही.

जलजा : पाणी नको. मीच सांगायची ना तुम्हा लोकांना, बडबड वाढलीय, गोळी वाढवा. रोज दिवेलागणीला माझंच खोटं माझ्या तोंडावर म्हणायचा हो, माझ्याच आवाजात! मला वाटायचं, देव ह्याच्या तोंडून मला शिक्षा करतोय. गोळी दिली की गप्प व्हायचा. मी सुटायचे.

डॉक्टर : खोटं का बोललात?

जलजा : वासंतीचं जमत होतं त्याच आठवड्यात. आमच्यात कूळ आईकडून चालतं. घर आईचं, नाव आईचं, मग डागही आईकडूनच उतरतो म्हणतात. जन्मापासून आहे म्हटलं असतं, तर म्हणाले असते, वासंतीच्याही पोटी असंच येणार. धक्क्याने झालं म्हटलं की माणूस बिचारा होतो. बिचारा चालतो लोकांना. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, एकदा तिचं लग्न होऊ दे, मग येऊन खरं सांगेन. मग तिचं बाळंतपण आलं. मग सासू आजारी. मग लाज वाटायला लागली.

डॉक्टर : खरं काय होतं?

जलजा : पाच वर्षांचा होईतो अम्मा म्हणून हाक नाही मारली. आणि एक दिवस तोंड उघडलं ते राजाचं अख्खं भाषण! एका दमात! ह्याचे अप्पा अंगणात नाचले. मी मागच्या दारी जाऊन रडले. एवढी भाषा पोटात होती, आणि त्यात मी नव्हते. किनाऱ्यावरून शिंपले आणायचा, ओसरीवर ओळ लावायचा. झाडताना एक सरकला तर घर डोक्यावर घ्यायचा. गंजीत म्हणजे पेजेत मीठ वरून घातलं तर वाटी पालथी. मित्र कुठला! पोरं दगड मारायची. अप्पांना मात्र कधीच ओझं नाही झाला. मेळ्यातून आले की दोघं बसायचे, हा राजा आणि ते सारथी. ते गेले, आणि हा तीन महिने त्यांच्या आवाजात बोलत राहिला. लोक म्हणाले, बापच आलाय अंगात. दैवाच्या ठाण्यावर नेलं. ज्याच्या अंगात दैव येतं तो पात्री म्हणाला, इथलं काम नाही हे, डॉक्टरकडे न्या. मी काहीतरी लपवतेय ते त्याने तरी ओळखलं असणार.

डॉक्टर : दिनकर, अप्पा गेल्यावर त्यांचं का म्हणायचा तुम्ही?

दिनकर : दोन माणसांचा प्रसंग होता. एक गेला. मग दोन्ही मलाच म्हणावे लागले.

जलजा : ऐकलंत? ऐकलंत ना? एवढंच होतं हो ते!

डॉक्टर : छातीवर हात ठेवून आजच सांगणार नाही मी. काही माणसांत दोन्हीही असतं. दोन-तीनदा भेटू, वासंतीलाही बोलवा. पण आज जे ऐकलं ते आजारी पडलेल्या मनाचं वाटत नाही. ही जन्माचीच घडण आहे. स्वमग्नता म्हणतात तिला, ऑटिझम. तिला गोळी नसते. गोळ्या हळूहळू, महिनोन्महिने घेऊन, कमी करत नेऊ. एकदम बंद करायच्या नाहीत. आजही नाही आणि साखरपुड्यालाही नाही.

जलजा : आणि ही जीभ? हात?

डॉक्टर : ते गोळ्यांनी झालंय.

जलजा : जाईल ना?

डॉक्टर : थोडं कमी होईल कदाचित. सगळं जाईल असं खोटं नाही सांगणार.

जलजा : म्हणजे जे त्याला नव्हतं तेही मीच दिलं त्याला.

डॉक्टर : तुम्ही एकट्यांनी नाही. विचारणाऱ्यांनीही एकदाच विचारलं.

जलजा : नका समजूत घालू. आई मी होते. डॉक्टरम्मा, फायलीत खरं लिहा. कुंदापूरकरांना कळलं तर काय होईल, अन्विता मला काय म्हणेल, मला काही कळत नाही. भीती वाटते. वासंतीला आज घरी जाऊन सांगते. पण लिहा. एकोणीस वर्षांपर्यंत नव्हे. जन्मल्यापासून असाच होता. मला ठाऊक होतं.

डॉक्टर : लिहिते.

दिनकर : हा नवीन आहे. बाविसावा.

जलजा : हो मगा. आता हाच म्हण. दिवा लावताना मी गोळी घेऊन नाही येणार, ऐकत बसेन. तो बुधवारचा खोडून टाक. टाकशील ना?

दिनकर : पाठ झालेलं खोडता येत नाही, अम्मा. तो झाला की हा म्हणेन.