उठायच्या बेतात

नर्सने डोळ्यांत थेंब घालून शिक्षिकाबाईंना डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. डोळे मिटले की कान आपोआप टवकारतात. शेजारच्या बाकावर कुणी काका-पुतणी बोलत होते.

"काका, तुमची वेबसाइट उघडेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होईल. फोटो केवढे जड टाकलेत."

"मग हलके कर की. मी खुर्च्या विणणारा माणूस, मला काय कळतंय त्यातलं?"

"केले. आता प्रत्येक फोटोला एक ओळ हवी. ज्यांना दिसत नाही, त्यांना फोन ती वाचून दाखवतो. शोधणाऱ्यांनाही त्यामुळे आपलं दुकान सापडतं."

"लिही, वेताची खुर्ची."

"हिच्यात काकू बसलीय. तिला जाऊन वर्ष होत आलं, काका. बदलू का फोटो?"

"नको."

"मग लिहिते, खुर्चीत बसलेली बाई."

"बसलेली कसली, उठायच्या बेतात आहे. दूध उतू जाईल म्हणत होती. मी म्हटलं, बस गं जरा, वीण बघू दे."

"दिसतं तेवढंच लिहायचं असतं. इथे तर तिचा चेहराही पलीकडे वळलाय."

"मला दिसतो."

पुतणीच्या बोटांची फोनवरची टकटक ऐकू आली. मग फोन सपाट आवाजात वाचू लागला, "वेताची खुर्ची. खुर्चीत एक बाई. उठायच्या बेतात, पण अजून बसलेली."

"पुन्हा लाव, पोरी."

नर्स आली. "बाई, उघडा आता डोळे."

"थांबा जरा," बाई म्हणाल्या.