कुलपावरचं जाळं

"ही लिफ्ट म्हणजे आपली समिती. दर मजल्यावर थांबते!"

लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे घरबांधणी समितीचे सल्लागार कुरकुरत होते. शेजारी त्यांची सहायक, हातात त्यांच्या सहीसाठी आणलेला घरांच्या पाहणीचा अहवाल.

"सर, पाहणीत कुलूप दिसलं तिथे आपण 'माणसं बाहेर' लिहिलं आणि घर भरलेलं धरलं."

"मग? लोक कामाला जातात, बाई."

"मी त्या घरांकडे तीनदा गेले. रविवारीसुद्धा. कितीतरी कुलपांवर कोळ्याचं जाळं होतं."

"अगं, तीस वर्षं सल्ला देतोय मी. शहरात घरं कमीच आहेत. समोरची वस्ती उठवायची, तिथे नवी बांधायची. झालं!"

"घरं कमी नाहीत, सर. रिकामी आहेत."

"कुणाची म्हणे?"

"जाळं लागलेली दोन तर तुमचीच आहेत."