दोन खुणांमधलं वाक्य

कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावायचा प्लेअर बनवणारा तो, आईचे कान तपासायला दवाखान्यात आला होता. शेजारी नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, अर्धांगाच्या झटक्यानंतर दादा बोलतो का आता?"

"बोलायला लागले होते हो. लेकीच्या लग्नातला स्वतःचाच व्हिडिओ लावायचे. बटण दाबून वाक्याच्या आधी एक खूण, नंतर एक, की तेवढंच वाक्य परत परत वाजायचं. ते मागून म्हणायचे. 'या, बसा' अगदी स्वच्छ यायला लागलं होतं."

"मग?"

"मग काय! प्लेअर नवा झाला नि ते बटणच गायब. सारखं मागे न्यायला यांचा हात कुठे वळतोय? चिडून बंद करतात."

"चांगलं चाललेलं बटण काढतं का कुणी?"

"असेल कुणी दीडशहाणा."

'हे कुणी वापरत नाही' म्हणून ते बटण त्यानेच काढायला लावलं होतं. त्याने मांडीवरचा लॅपटॉप हळूच मिटला.

"भाऊ, तुम्हाला कळतं का हो यातलं?" लॅपटॉपकडे बघत वहिनींनी विचारलं.

"नाही हो ताई. मला काहीच कळत नाही."

तेवढ्यात आतून काठी टेकत दादा आले. तो जागा द्यायला घाईने उठला. त्यांनी काठी काखेत घेऊन चांगल्या हाताने त्याचा दंड धरला आणि त्यालाच बाकाकडे वळवलं.

"या... ब... ब..."