माह्या नावाची योजना

हसू नका, पण नगरपालिकेनं एकदा माह्या नावाची योजना काढली होती.

देवळी गावातल्या आमच्या घराचा टॅक्स भरायचा राहून गेलता. त्याच्यावर शास्ती, म्हंजे दंड, दर महिन्याले चढत गेला अन् शेवटी जप्तीची नोटीस आली. घरात कोणाले जेवण जाईना.

एका सकाळी कचरागाडीचा भोंगा ओरडला, "अभय योजना! टॅक्स भरा, शास्ती माफ!"

आई धावतच बाहेर गेली. "काऊन रे, माह्या पोराचं नाव घेऊन गल्लीत इज्जत काढून राह्यला? भरन ना अभय!"

गाडीवाला म्हणे, "आजी, योजनेचंच नाव अभय हाये. सगळा दंड माफ!"

मी त्याच दिवशी नुसता टॅक्स भरून, मोकळा होऊन घरी आलो. तं आई गल्लीभर सांगून राह्यली होती, "नाव मीनंच ठेवलं होतं."