फोटोखालची चौथी ओळ

डॉक्टर : पहिल्या तीन ओळी ठीक आहेत, ताई. शिक्षण, ग्रंथीविकारांतली पदवी, बावीस वर्षांचा अनुभव. चौथी ऐक. ‘सख्ख्या मोठ्या बहिणीचा थायरॉइड त्यांनीच ओळखला आणि तिथून या शाखेची ओढ लागली.’ आमच्या ऑफिसातल्या मुलीला हे कोणी सांगितलं?

ताई : फोन आला होता तिचा. बोलायला गोड आहे हो.

डॉक्टर : म्हणून तिला लोणकढी थाप मारलीस?

ताई : थाप कसली? अठ्ठावीस वर्षं सांगतेय. आता ती खरीच झाली.

डॉक्टर : उद्या हे हॉस्पिटलच्या दारात लागणार, माझ्या फोटोखाली. आणि तुझा थायरॉइड मी ओळखलाच नव्हता!

ताई : हळू बोल. ह्यांनासुद्धा मी तेच सांगितलंय.

डॉक्टर : दीड वर्ष तू दमत होतीस. केस गळत होते, तोंड सुजलेलं, भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायचीस. आणि मी काय दिलं?

ताई : लोहाच्या गोळ्या. शौचाला व्हायचं नाही त्यांनी.

डॉक्टर : वर मीच म्हणाले, ‘आळस झटक, चालायला जा.’

ताई : गेले की. चौथ्या दिवशी जिन्यातच बसले. तिथे वरच्या मजल्यावरचे म्हातारे डॉक्टर भेटले. गळ्याला हात लावला नि म्हणाले, रक्त तपासून घ्या.

डॉक्टर : एका मिनिटात! आणि तू घरभर सांगितलंस, धाकटीने ओळखलं.

ताई : मग काय करू? दवाखाना उघडून तुला सहा महिने झालेले. सख्ख्या बहिणीचंच निदान चुकलं म्हटल्यावर चिटपाखरू तरी फिरकलं असतं का तिकडे?

डॉक्टर : तुझ्या सासूबाई मैत्रिणींची फौज घेऊन आल्या. एकेकीचा गळा तपासताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून दवाखाना बंद करून पुन्हा शिकायला गेले. ओढबिढ काही नव्हती, ताई. लाज होती.

ताई : आता ‘लाज वाटली म्हणून’ असं लिहिणार? पेशंट पळतील.

डॉक्टर : (ओळ खोडून वर लिहीत) ऐक. ‘बहिणीचा थायरॉइड माझ्या नजरेतून सुटला. शेजारच्या डॉक्टरांनी गळ्याला हात लावून तो ओळखला. त्यानंतर मी ही शाखा शिकले.’

ताई : म्हणजे खोटारडी मी ठरले.

डॉक्टर : तू नको म्हणालीस तर ही ओळच काढून टाकते.

ताई : राहू दे. पण शेजारचे नाही, वरच्या मजल्यावरचे. खरं लिहायचं तर धड लिही.

डॉक्टर : तुला राग नव्हता आला माझा?

ताई : आला होता ना. आळशी म्हणालीस, ते फार लागलं. वर्षभर होता मनात.

डॉक्टर : मग?

ताई : मग तू पुन्हा पुस्तकं घेऊन बसलीस, तेव्हा गेला.